दादाच्या ॲम्पची नक्कल

वहिनींचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या गिटारचा सैल झालेला जॅक बसवत होतो. सोमवार होता, सकाळचे सव्वाअकरा. हे मी आठवून सांगत नाही, वहीत आहे. मला रोज वही लिहायची सवय आहे आणि ही हकीकत मी त्या वहीवरूनच उतरवतो आहे. त्यामुळे वार आणि वेळा बरोबर आहेत, एवढं धरून चाला. बाकी कशाची हमी मला देता येणार नाही.

"भावजी, बुधवारी रंगारी येतोय," वहिनी म्हणाल्या. "मागच्या खोलीतली ह्यांची धोंड तेवढी हलवा. मला एकटीला उचलत नाही."

धोंड म्हणजे दादाचा ॲम्प, गिटारचा आवाज मोठा करणारं खोकं. माझा थोरला भाऊ गिटार वाजवायचा, उभ्या आयुष्यात त्यानं दुसरं काही केलं नाही. अकरा महिन्यांपूर्वी तो गेला. त्याचा तो जुना, व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असत तसल्या तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, तीस किलोचा ॲम्प मागच्या खोलीत तसाच होता, वर टॉवेल टाकलेला.

माझा धंदा आवाज लावून देण्याचा. वाजवणारा येतो आणि हातवारे करून सांगतो, 'जरा जाड हवा', 'काचेसारखा नको', 'पुढे यावा पण टोचू नये', आणि मी नॉब फिरवत फिरवत त्याला तो आवाज शोधून देतो. कोणी शिकवलं नाही, ऐकून ऐकून आलं. मला स्वतःला चार सुरांपलीकडे वाजवता येत नाही. कान दिले, बोटं द्यायची राहिली, असं दादा म्हणायचा. पूर्वी हे काम ॲम्पवर चालायचं, आता मॉडेलरवर चालतं. मॉडेलर म्हणजे पायाशी ठेवायची एक पेटी, जाड शब्दकोशाएवढी. तिच्या पोटात ॲम्प नसतो, ॲम्पचं गणित असतं.

खऱ्या ॲम्पची नक्कलही तिला करता येते. ॲम्पसमोर माइक लावायचा आणि पेटी ॲम्पला जोडायची. मग ती ॲम्पमध्ये आपले आवाज सोडते, शिट्ट्या, फुसफुस, ठोके, आणि माइकमधून काय परत येतं ते ऐकते. काय दिलं आणि काय आलं यातला फरक ती शिकते. चार मिनिटांचं काम. त्यानंतर ॲम्प भंगारात गेला तरी त्याचा आवाज पेटीत राहतो. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. नक्कल म्हणजे आरसा. समोर कोणी उभं राहिलं तरच त्यात काही दिसतं. आपणहून ती काही करत नाही, आणि कोण चुकलं, कोण बरोबर, हे तिला कळायचा प्रश्नच नाही.

वहिनींना मी म्हणालो, "उद्या दुपारी येतो. हलवायच्या आधी एकदा वाजवून घेतो. भिंगरीसाठी."

त्या म्हणाल्या, "तिनं सांगितलं?"

"तिनंच मागितलंय."

"बरं," वहिनी म्हणाल्या. त्या 'बरं'मध्ये काहीच बरं नव्हतं.

भिंगरी ही दादाची एकुलती एक मुलगी, चोवीस वर्षांची. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव पडलं. एक मोठा फिरता बँड गिटारवाल्याच्या शोधात होता आणि तीन आठवड्यांनी निवड होती. तिथे स्टेजवर ॲम्प आणू देत नाहीत, प्रत्येकानं आपली पेटी आणायची. भिंगरीला त्या पेटीत वडिलांचा आवाज हवा होता. कोणीही म्हणेल, मुलीनं हे मागावं यात काय वावगं.

दादा तिला शिकवत असे, नवव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत. त्यानं कधी हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. हे सांगितलं की लोक विचारतात, मग झालं काय? झालं ते असं. ॲम्पच्या पुढच्या पट्टीवर दोन खटके असतात. एक विजेचा, दुसरा स्टँडबायचा. दुसरा पाडला की व्हॉल्व्ह तापलेले राहतात, पण आवाज मरतो. दादा ॲम्पशेजारी स्टुलावर अनवाणी बसायचा. भिंगरीचं बोट चुकलं की पायाच्या अंगठ्यानं तो खटका पाडायचा. टक्. मुलगी समोर वाजवते आहे आणि खोलीत काही नाही. मग तो मनात सातपर्यंत मोजायचा, पुन्हा टक्, आणि म्हणायचा, "हं." एवढंच. तासन् तास.

मी त्या खोलीत असायचो. आवाज लावायला बोलवायचा मला, आणि मी कोपऱ्यात बसून नॉबचे आकडे वहीत टिपायचो. त्याखाली आणखी एक आकडा लिहायचो, आज खटका किती वेळा. एकतीस. चोवीस. एका रविवारी सत्तावन्न. त्या रविवारी ती दहा वर्षांची होती. मी सत्तावन्न लिहिलं, वही मिटली, वहिनींनी दिलेला चहा प्यायलो आणि घरी गेलो.

सतराव्या वर्षी तिनं गिटार पलंगाखाली सरकवली ती दादा जाईपर्यंत काढली नाही. तो गेल्यावर महिन्याभरानं काढली.

मंगळवारी दोन वाजता मी पोचलो. असली कामं भरदुपारीच करावी लागतात. ॲम्पचा आवाज पूर्ण सोडावा लागतो, आणि तेवढी शेजाऱ्यांची सहनशक्ती दुपारीच काय ती असते. भिंगरी कामावर होती. वहिनींनी मागच्या खोलीचं दार उघडून दिलं आणि स्वतः उंबऱ्यावरच थांबल्या.

"ह्यांनी आवाज अडवायला भिंतीला लावलेलं ते गादीकापड काढलं मी," त्या म्हणाल्या. "ढेकूण झाले होते."

"कधी?"

"तेराव्या दिवसानंतर लगेच. का? परवानगी घ्यायला हवी होती तुमची?"

मी हसलो. त्या नाही हसल्या.

ॲम्प चालू केला. व्हॉल्व्ह तापले, त्यांच्यावरची धूळ जळल्याचा ओळखीचा वास आला. माइक लावला, जोडण्या केल्या, शिट्ट्या सोडल्या. सगळं नेहमीसारखं. मग शेवटचा टप्पा. त्यात पेटीला खरी गिटार ऐकवावी लागते, म्हणजे बारकावे जुळतात. माझी बोटं ही अशी, म्हणून मी त्यासाठी कोणाचं तरी जुनं कोरडं रेकॉर्डिंग सोडतो. कोरडं म्हणजे ॲम्पशिवाय, तारेवरून थेट घेतलेलं, डासाच्या गुणगुणीसारखं बारीक. लॅपटॉपमध्ये शोधताना मला भिंगरीच्या धड्यांची जुनी रेकॉर्डिंग सापडली. दादानंच माझ्याकडून करून घेतली होती. या ॲम्पवर सगळ्यात जास्त वाजलेली गिटार तीच, तेव्हा जुळणीही तिच्याशीच उत्तम होणार, असा मी विचार केला. धंद्याच्या दृष्टीनं तो बरोबर होता. त्यातलं एक चार मिनिटांचं रेकॉर्डिंग लावलं, दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात येऊन बसलो.

भिंतीपलीकडून दहा वर्षांची मुलगी वाजवू लागली. दोन ओळी. मग काही नाही. सात आकडे मोजेपर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून.

वहिनी कपबशी पुसत होत्या. त्यांचा हात थांबला. "हे काय लावलंत?"

"जुळवणीसाठी आहे."

"बंद करा ते."

"चारच मिनिटं, वहिनी. मधेच तोडलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कप जागेवर ठेवला आणि नळ सोडला, पूर्ण, आणि काहीही न धुता तशाच उभ्या राहिल्या.

चार मिनिटांनी आवाज थांबला. मी आत गेलो. रेकॉर्डिंग संपलं होतं, लॅपटॉप गप्प होता. पेटीच्या छोट्या पडद्यावर मात्र 'ऐकत आहे' अशी अक्षरं तशीच होती आणि खालची पट्टी पुढे सरकत होती. खोलीत ऐकण्यासारखं काही नव्हतं. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. अकराव्या मिनिटाला पडद्यावर 'झाले' असं आलं. वहीत मी लिहिलं, 'नेहमीपेक्षा सात मिनिटं जास्त. कारण कळत नाही.'

त्याच संध्याकाळी टेंपोवाला आला. गावाबाहेरच्या एका जुन्या सामानवाल्यानं ॲम्प मागितला होता. मी स्वतः एका बाजूनं धरून तो चढवला.

गुरुवारी चार वाजता भिंगरी माझ्या खोलीवर आली. माझी खोली शिंप्याच्या दुकानावर आहे, खाली दिवसभर मशीन चालतं.

"काका, ही खोली आहे की वायरींचं वारूळ?" ती म्हणाली. "एखाद्या दिवशी तुम्हीच सापडणार नाही यात."

"सापडलो नाही तर मशीनवाल्याला विचार. त्याला माझ्या पावलांचा हिशोब पाठ आहे."

ती बसली, गिटार जोडली. मी पेटीत दादाचा आवाज निवडला आणि तिनं एक तार छेडली.

तोच आवाज. जाड, कडेनं थोडा करपलेला, आणि मागे ती बारीक घरघर. पाहता पाहता तिचे खांदे वर चढले, थंडी वाजल्यासारखे.

दादाची एक स्वतःची धून होती. निवडीत भिंगरी तीच वाजवणार होती. मी नेहमीप्रमाणे तिचं कोरडं रेकॉर्डिंग चालू ठेवलं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसरीत आवाज गेला.

मी केबल हलवली. दुसरी लावली. पेटीवरचे दिवे पाहिले. गिटार आत येत होती, हिरवा दिवा तिच्या प्रत्येक सुराबरोबर उडत होता. बाहेर जाणाऱ्या बाजूला अंधार. मी पेटीचं बटण दाबायला हात पुढे केला तोच आवाज परत आला.

"काका... तुम्ही केलंत?"

"माझे हात बघ कुठे आहेत."

तिनं पाहिले. मग स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "करंगळी घसरली होती माझी," ती म्हणाली. हळू, अगदी खालच्या आवाजात. त्या आवाजात ती गेली सात वर्षं बोलली नव्हती.

"पेटीला काय कळतंय करंगळी," मी म्हणालो. "जुळवणीत काही तरी बिघडलंय. आज राहू दे."

"नको. पुन्हा घेते."

त्या दुपारी आवाज नऊ वेळा गेला. प्रत्येक वेळी तिनं वाट पाहिली आणि पहिल्यापासून सुरू केलं. मी तिला थांबवलं नाही. पेटीतला बिघाड शोधायचा होता, चुका जितक्या जास्त तितका शोध सोपा. वहीत मी तसं लिहिलंही आहे. जाताना ती पेटी घेऊन गेली. नकलेची एक प्रत माझ्या दुसऱ्या पेटीत होती.

शुक्रवारी मी ती तपासली. आधी स्वतः वाजवलं. माझ्या वाजवण्यात चुकाच जास्त. आवाज एकदाही गेला नाही. दोन गिऱ्हाइकांना बसवलं, त्यांनाही काही झालं नाही. मग भिंगरीचं गुरुवारचं कोरडं रेकॉर्डिंग काढलं आणि ते पेटीतून सोडलं. रेकॉर्डिंगला बोटं नसतात, पाय नसतात. ते नुसतं येतं आणि जातं.

नऊच्या नऊ वेळा आवाज गेला. त्याच नऊ जागी.

आठ जागा मी ओळखल्या. कुठे करंगळी घसरलेली, कुठे सूर उशिरा आलेला. नवव्या जागी मात्र चूक सापडेना. तिसऱ्या ओळीचा शेवट. मी ते वीसेक वेळा ऐकलं, पेटीशिवाय, कोरडं. एकही सूर खोटा नव्हता. मग दादाचं जुनं रेकॉर्डिंग शेजारी लावून पाहिलं आणि कळलं. दादा तिथे सरळ वर चढायचा. भिंगरी चढता चढता एक सूर खाली यायची, क्षणभर थांबायची, जिन्यात कोणीतरी हाक मारल्यासारखी, आणि मग वर जायची. दादा गेल्यानंतरच्या महिन्यांत, एकटी वाजवताना, तिनं ते शोधलं असणार. धुनेतली सगळ्यात चांगली जागा तीच होती. इतकी वर्षं ती धून ऐकतोय, पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला तो तिथे.

तिथेच तिला गप्प केलं होतं.

मी ती जागा वहीत टिपली. तार कितवी, घर कितवं, थांबा कुठे. घर म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या दोन पट्ट्यांमधली जागा. तिसऱ्या तारेचं नववं घर, मग सातवं, थांबायचं, मग दुसऱ्या तारेचं आठवं.

भिंगरीला फोन करून सांगायला हवं होतं. रविवारी जेवायला जाणारच आहे, तेव्हा समोरासमोर सांगू, असं मी ठरवलं. माझं हे असं असतं.

रविवारी सकाळी पावणेनऊला वहिनींचाच फोन आला. त्या हळू बोलत होत्या.

"भावजी, ॲम्प नक्की गेला ना?"

"मी चढवलाय टेंपोत, वहिनी."

"मग टक् टक् कसली येतेय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमच्या त्या पेटीला खटका आहे का तसला?"

"नाही. नुसती रबराची बटणं आहेत. त्यांचा आवाज होत नाही."

"दोन दिवस कामावर गेली नाही ती. मागच्या खोलीत दार लावून बसलीय. कानाला हेडफोन लावते, त्यामुळे ती काय वाजवते ते मला ऐकू येत नाही. कणभर नाही. फक्त..." त्यांनी फोन दाराकडे धरला असावा. फोनमधून मला ते ऐकू आलं, दोन भिंतींपलीकडून आल्यासारखं. मग वहिनी कुजबुजल्या, "आठ वर्षं मी हे पोळपाटाशी उभी राहून ऐकलंय. माझ्या कानांना चूक होणार नाही."

मी रिक्षानं गेलो. मागच्या खोलीला नवा रंग दिलेला, फिकट पिवळा. सामान सगळं बाहेर, खोली पूर्ण रिकामी. तरी आत पाऊल टाकल्याबरोबर रंगाचा वास आला नाही. तापलेल्या व्हॉल्व्हवर जळणाऱ्या धुळीचा आला.

भिंगरी जमिनीवर बसली होती, ॲम्प जिथे असायचा त्या भिंतीकडे तोंड करून. समोर पेटी. पेटी आणि भिंत यांच्यामध्ये तिनं जागा सोडली होती. एक स्टूल मावेल एवढी.

तिचा हात थांबलेला होता. ती वाट पाहत होती.

मी पेटीसमोर जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. "दादा," मी म्हणालो, "पुरे झालं आता. वाजवू दे तिला."

खोलीत काही हललं नाही. भिंगरीनं हेडफोन काढून गळ्यात घेतले आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती असती तर मला बरं वाटलं असतं.

"आठ वर्षं त्या कोपऱ्यात बसत होतात, काका," ती म्हणाली. "तेव्हा तोंड शिवलं होतं का कोणी? आता पेटीशी बोलताय."

मी खाली बसलो आणि पेटीतली ती नक्कल शोधून काढली. 'कायमची पुसायची का?' असं पेटीनं विचारलं. भिंगरी बघत होती. तिनं मला अडवलं नाही.

"मग मला कळणार कसं," ती म्हणाली, "कुठं चुकतंय ते?"

"सगळीकडे चुकत नव्हतं. तिसऱ्या ओळीचा शेवट, तू खाली येऊन थांबतेस तो. ती चूक नाही. ते तुझं आहे."

"माझं आहे म्हणूनच चुकत असेल."

मी बटण दाबलं. घरी जाऊन दुसऱ्या पेटीतली प्रत पुसली, लॅपटॉपमधली पुसली, आणि धड्यांची ती जुनी रेकॉर्डिंगसुद्धा सगळी पुसली. वहीत वेळ आहे, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. त्यानंतर वहिनींचा त्या बाबतीत फोन आला नाही. भिंगरी कामावर जाऊ लागली. मी तिला एक साधा, स्वच्छ, कोणाचाही नसलेला आवाज लावून दिला. तिनं 'चालेल' म्हटलं.

निवड एका शाळेच्या सभागृहात होती, सकाळी दहा वाजता. मी शेवटच्या रांगेत बसलो. भिंगरीच्या आधी तिघं झाले. तिघंही चुकले, हसले, पुढे वाजवत गेले. मग ती आली. उन्हाचा एक पट्टा स्टेजवर पडला होता, त्यात उभी राहिली.

आवाज कुठेही गेला नाही. जाण्याचं कारणच नव्हतं. पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत एकही बोट घसरलं नाही, एकही सूर उशिरा आला नाही. तिसऱ्या ओळीच्या शेवटी मी खुर्चीची कड धरून पुढे झुकलो.

ती सरळ वर चढली.

बँडमास्तरांनी चष्मा काढला. "कोणाकडे शिकलात?"

"बाबांकडे."

"दिसतंय," ते म्हणाले आणि समोरच्या कागदावर खूण केली. तिथल्या तिथे निवड झाली.

जिना उतरताना ती खुशीत होती. वहिनींना फोन लावत होती, लागत नव्हता. "आईला कधी फोन वेळेवर सापडलाय?" म्हणत होती. मी न राहवून विचारलं.

"तिसरी ओळ सरळ घेतलीस."

"सरळच आहे ती."

"तू खाली येऊन थांबायचीस ना? गुरुवारी माझ्याकडे वाजवलंस तेव्हा."

ती हसली. "काका, कान तपासून घ्या आता. धंदा बसेल तुमचा. मी आयुष्यभर ती ओळ अशीच वाजवत आलेय."

तिचा चेहरा मी ती जन्मल्यापासून ओळखतो. ती खोटं बोलत नव्हती.

खोलीवर आलो ते सरळ लॅपटॉप उघडला. गुरुवारचं कोरडं रेकॉर्डिंग जागेवर होतं. तारीख तीच, लांबी तीच, सेकंदापर्यंत. पेटी न जोडता ते लावलं. एकही चूक नव्हती त्यात. करंगळी घसरली नव्हती, कुठे थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नव्हती. तिसरी ओळ सरळ वर चढत होती. एखाद्या पोराच्या पाटीवरून ओला हात फिरवावा तसं कोणीतरी त्यावरून फिरलं होतं, निवांतपणे, शेवटपर्यंत.

ती जागा आता फक्त माझ्या वहीत उरली होती. पान उघडलं. माझ्याच अक्षरात, तीन आकडे आणि मध्ये एक आडवी रेघ.

तीन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन, खाली शिंप्याचं मशीन चालू. मी भिंतीवरची माझी जुनी गिटार काढली. तिला केबल नव्हती. पेटी बंद होती, कपाटात होती, कपाटाला कडी होती. जोडली नाही तरी अशा गिटारच्या तारा बारीक का होईना वाजतात. शांत खोलीत तेवढं पुरतं.

मी आधी दादाची ओळ वाजवली, सरळ. माझ्या जाड बोटांनी, अडखळत. ऐकू आली.

मग तिची. तिसऱ्या तारेचं नववं घर. बारीक, पण आलं. मग बोट सातव्या घरावर आणलं आणि तार छेडली.

आवाज आला नाही.

बोट नीट दाबलं नसेल असं वाटून पुन्हा छेडली. खिडकीच्या उजेडात तार हललेली दिसत होती, एकीच्या दोन झाल्यासारखी. तिचा थरथराट बोटाच्या टोकाला लागत होता, लाकडातून छातीला लागत होता. खालचं मशीन ऐकू येत होतं. रस्त्यावर कोणीतरी कोणाला तरी 'जरा बाजूला घे' म्हणालं, ते ऐकू आलं. माझा स्वतःचा श्वास ऐकू येत होता. फक्त तो एक सूर तेवढा खोलीत नव्हता.

मी तारेवरचं बोट काढलं. गिटार जपून भिंतीवरच्या खुंटीला अडकवली आणि इथे टेबलाशी येऊन हे सगळं लिहायला बसलो, त्या तीन आकड्यांसकट, म्हणजे निदान दोन ठिकाणी राहतील.

आता साडेपाच झाले आहेत. मशीन बंद करून शिंपी घरी गेला. गिटार माझ्या समोर भिंतीवर आहे, तिला कोणाचा हात लागलेला नाही.

तार अजून हलते आहे.